‘काही नाही झालं’ म्हणण्याआधी

सायखेड्याहून आम्ही बोलतोय. आजचा विषय आहे रस्त्यावरच्या छोट्या अपघाताचा. गाडीला गाडी घासली, स्कूटी घसरली, पिकअपचा धक्का लागला आणि आपण पडलो, असे अपघात आपल्याकडे रोजच होतात. पेपरात त्यांची बातमी येत नाही. पण एखाद्या घराला ते वर्षभर पुरतात. म्हणून म्हटलं, यावर नीट बोलू या.

आमच्या गटातल्या एका ताईंची गोष्ट आधी सांगतो. त्यांना विचारूनच सांगतोय, नाव मात्र घेत नाही. बचत गटाचे पैसे बँकेत भरून त्या मैत्रिणीच्या स्कूटीवर मागे बसून परत येत होत्या. कांदा बाजाराचा दिवस, रस्त्याच्या दोन्ही अंगांना ट्रॅक्टर लागलेले. त्यातून एक पिकअप मागे घेताना स्कूटीला लागली. दोघी पडल्या. लोक जमले. ताई पटकन उठल्या, पदर सावरला आणि सवयीने म्हणाल्या, “काही नाही झालं, काही नाही झालं.” पिकअपवाल्याने मडगार्डचे म्हणून तीनशे रुपये हातावर ठेवले. मैत्रिणीने घेतले, आणि सगळे आपापल्या वाटेला लागले.

संध्याकाळी ताईंचं मनगट सुजलं. रात्रभर झोप नाही. दुसऱ्या दिवशी एक्स-रे काढला तर हाड चिरलेलं. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, कसं लागलं? पोलिसांचं लचांड नको म्हणून घरच्यांनी सांगितलं, “मोरीत पाय घसरला.” झालं, कागदावर तेच लिहिलं गेलं. सहा आठवडे हात प्लॅस्टरमध्ये. दिवस द्राक्षाच्या विरळणीचे, वर्षातली चांगली मजुरी मिळायची तेव्हाच. सगळी बुडाली. पिकअपचा नंबर कुणाकडे नाही, ड्रायव्हरचं नाव माहीत नाही, आणि कागद म्हणतो की बाई मोरीत पडल्या. आता मागायचं कुणाकडे?

मैत्रिणींनो, या गोष्टीत वाईट माणूस कुणीच नव्हतं. पिकअपवाला पळाला नाही, मैत्रिणीने फसवलं नाही. चुकलं ते एवढंच, की काय झालं हे बघण्याआधीच आपण ‘काही नाही झालं’ म्हणून मोकळ्या झालो. आजच्या बोलण्यातून एवढी एक गोष्ट घरी न्या: आधी बघायचं, मग लिहून ठेवायचं, आणि मगच जागा सोडायची.

आधी थांबायचं

धक्का आपला लागलेला असो की दुसऱ्याचा, पहिलं काम थांबण्याचं. गाडी बंद करा, चावी काढून जवळ ठेवा. चारचाकी असेल तर हँडब्रेक ओढा आणि चारही इंडिकेटर एकदम चालू करा. संध्याकाळची वेळ असेल तर कुणाला तरी थोडं मागे उभं करून येणाऱ्या गाड्यांना हात दाखवायला सांगा, पण रस्त्याच्या कडेला, मधोमध नाही. आपल्याकडे गाडीमागे दगड किंवा झाडाची फांदी ठेवायची पद्धत आहे. ठेवलीत तर निघताना आठवणीने उचला. विसरलेल्या दगडावर रात्री दुसराच कुणी आपटतो.

थांबणं हा नुसता चांगुलपणा नाही, तो कायदा आहे. मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्याचं कलम १३४ सांगतं की अपघातात कुणाला लागलं असेल किंवा दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान झालं असेल, तर चालकाने जखमीला औषधोपचार मिळवून द्यायचे, पोलिसांना माहिती द्यायची आणि आपल्या विमा कंपनीलाही कळवायचं. हे न करता निघून जाणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, किंवा दोन्हीही. मालमत्ता म्हणजे काही मोठंच असायला हवं असं नाही. कुणाची टपरी, कुणाचं कुंपण, कुणाची सायकल, हेही त्यात आलं.

पण जमाव भडकला, अंगावर येऊ लागला, तर काय? कायद्याने याचाही विचार केलाय. जमावाच्या भीतीने तिथे थांबणं शक्य नसेल, तर सरळ जवळच्या पोलीस ठाण्यात जा आणि घडलं ते सांगा. पोलीस ठाण्यात जाणं म्हणजे पळून जाणं नव्हे. घरी जाऊन गाडी गोठ्यात लपवणं म्हणजे पळून जाणं.

माणूस आधी, गाडी मग

आपल्यातल्या पुष्कळ जणी पडल्या की आधी गाडी उचलतात, मग पिशवी, आणि शेवटी स्वतःकडे बघतात. हा क्रम उलटा करायचा. आधी स्वतःला तपासा, मग सोबतच्यांना, मग समोरच्याला. “लागलं का हो?” असं विचारल्याने चूक आपल्या माथी येत नाही. ते विचारायलाच हवं.

कुणी बेशुद्ध असेल, मान किंवा पाठ दुखते म्हणत असेल, तर त्याला ओढून बसवू नका. मागून वाहन अंगावर येण्याचा धोका असेल तरच हलवा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका, ते श्वासनलिकेत जातं. रक्त येत असेल तर स्वच्छ फडकं किंवा ओढणी जखमेवर घट्ट दाबून धरा, आणि सारखं उचलून बघू नका. हळद, चहाची पूड, माती यातलं काहीही जखमेत भरू नका. डॉक्टरांना पुढे तेच आधी धुवून काढावं लागतं. जखम रस्त्यावरची असेल तर धनुर्वाताच्या इंजेक्शनचं डॉक्टरांना विचारा.

रुग्णवाहिकेसाठी १०८, पोलिसांसाठी ११२. हे दोन्ही आकडे फुकट लागतात आणि फोनमध्ये रिचार्ज नसला तरी लागतात. मुंबई–आग्रा रस्त्यासारख्या राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ हाही मदतीचा नंबर आहे. फोन करताना जागा नीट सांगा. ‘पुलाजवळ’ एवढं पुरत नाही. ‘सायखेड्याहून चांदोरीकडे जाताना गोदावरीच्या पुलाच्या अलीकडे, डाव्या बाजूला’, असं सांगितलं की गाडी शोधत फिरत नाही.

दोन गोष्टी मात्र कितीही किरकोळ वाटल्या तरी सोडून देऊ नका. पहिली, डोक्याला लागलेला मार. टेंगूळसुद्धा नाही, म्हणून निश्चिंत राहू नका. पुढचे दोन दिवस त्या माणसाला एकटं सोडू नका. उलट्या होणं, खूप झोप येणं आणि लवकर जागं न होणं, डोकं वाढत्या जोराने दुखणं, बोलण्यात गोंधळ होणं, नाकाकानातून पाणी किंवा रक्त येणं, फिट येणं, यातलं एकही दिसलं तर रात्रीचे दोन वाजले असले तरी दवाखाना गाठा.

दुसरी, पोटुशी बाई. तिला धक्का बसला, ती पडली, तर तिला काहीच दुखत नसलं तरीही त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं. पोट दुखणं, कडक होणं, अंगावर रक्त किंवा पाणी जाणं, बाळाची हालचाल कमी वाटणं, ही धोक्याची लक्षणं. सासूबाई, जाऊबाई, हे तुम्हाला खास सांगतोय. सून लाजेने बोलणार नाही, तुम्ही विचारा.

आधी फोटो, मग गाडी बाजूला

माणसं सुखरूप आहेत हे बघितलं की फोन काढा. गाड्या हलवण्याआधी फोटो काढायचे. एक लांबून, दोन्ही गाड्या, रस्ता आणि आसपासचं दुकान किंवा पाटी दिसेल असा. दोन्ही गाड्यांच्या नंबर प्लेटचे. जिथे ठोकर लागली त्या भागाचा जवळून. रस्त्यावर टायरचे ओरखडे, खड्डा, सांडलेलं डिझेल किंवा चिखल असेल तर त्याचा. ऊस आणि कांद्याच्या दिवसांत रस्त्यावर काय काय पडलेलं असतं ते आपल्याला माहीत आहे. फोन साधा असेल तर बघ्यांपैकी एखाद्या पोराला सांगा, “दादा, जरा फोटो काढ आणि या नंबरवर पाठव.” पोरं आनंदाने करतात.

फोटो झाले की, मोठी दुखापत नसेल, तर गाड्या कडेला घ्या. पुलावर किंवा वळणावर गाडी उभी ठेवून भांडत बसू नका. त्याने मागे रांग लागते आणि दुसरा अपघात होतो. पण कुणाला गंभीर लागलं असेल, तर जखमीला मदत करण्यापुरतंच हलवा आणि बाकी सगळं पोलीस येईपर्यंत तसंच राहू द्या.

मग समोरच्याकडून या गोष्टी लिहून घ्या: गाडीचा नंबर, चालकाचं नाव, गाव, मोबाईल नंबर, विमा कंपनीचं नाव आणि पॉलिसी नंबर. मोबाईल नंबर घेतला की तिथेच मिस कॉल द्या, म्हणजे खरा की खोटा ते कळतं. गाडी मालकाची आणि चालक दुसराच असेल तर दोघांची नावं घ्या. बघितलेल्या एकदोन माणसांचे नंबर घ्या. आपणही आपली माहिती द्यायची, तीही खरी. पण आपलं मूळ लायसन्स किंवा आरसी बुक समोरच्याच्या हातात ठेवू नका. “पैसे दे आणि कागद घेऊन जा” असं कुणी म्हणालं तर सरळ नाही म्हणा. तो हक्क त्याला नाही.

समोरचा माहिती द्यायला तयार नसेल तर हुज्जत घालू नका. गाडीचा नंबर पुरतो. नंबरवरून मालक शोधणं पोलिसांना अवघड नाही. आपल्यालाही एमपरिवहन या सरकारी ॲपवर नंबर टाकून त्या गाडीचा विमा चालू आहे की नाही ते बघता येतं. आणि स्वतःचे कागद घरी राहिले असतील तर डिजिलॉकरमधलं लायसन्स आणि आरसी पोलिसांना चालतं.

पोलिसांत जायचं का?

हा प्रश्न आम्हाला सगळ्यात जास्त विचारला जातो. सरळ उत्तर असं: फक्त दोन्ही गाड्यांच्या पत्र्याला ओरखडा आला असेल, कुणालाही लागलं नसेल आणि दोघांची समजूत पटली असेल, तर लोक पोलिसांकडे जात नाहीत आणि तिथं मिटतं. पण कुणाला थोडंही लागलं असेल, वाद असेल, समोरचा दारू प्यालेला असेल, तो निघून गेला असेल किंवा विम्याकडून पैसे मागायचे असतील, तर जायचं. उशिरात उशिरा २४ तासांच्या आत. आपल्या भागातला अपघात असेल तर सायखेडा पोलीस ठाणं जवळ आहे. दुसऱ्या हद्दीत झाला असला तरी गुन्ह्याची माहिती कोणत्याही ठाण्यात देता येते. ते ती योग्य ठाण्याकडे पाठवतात.

जाताना काय लिहून न्यायचं? तारीख, वेळ, ठिकाण, दोन्ही गाड्यांचे नंबर, कोण चालवत होतं, कोण कुठे बसलं होतं, काय घडलं आणि कुणाला कुठे लागलं. जे डोळ्यांनी बघितलं तेवढंच. ‘तो फार जोरात होता’ यापेक्षा ‘तो गाडी मागे घेत होता, हॉर्न दिला नाही’ असं लिहिलेलं बरं. अर्ज दोन प्रती न्या आणि एकीवर तारखेसह शिक्का आणि सही घ्या. गुन्हा दाखल झाला तर एफआयआरची प्रत तक्रारदाराला फुकट मिळते. मागून घ्या.

आणखी एक गोष्ट बायांना कुणी सांगत नाही. साक्षीदार म्हणून जबाब घ्यायचा असेल तर पोलीस बाईला ठाण्यात येण्याची सक्ती करू शकत नाहीत. तिचा जबाब ती राहते तिथे येऊन घ्यायचा असतो. जुन्या कायद्यात हे होतं, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही आहे. तेव्हा “साक्ष दिली की ठाण्याच्या चकरा” या भीतीने मागे हटू नका.

रस्त्यावरची तडजोड

तडजोड करू नका असं आम्ही म्हणत नाही. एकाच पंचक्रोशीतली माणसं आपण, उद्या बाजारात पुन्हा तोंड दिसायचं. पण तडजोड पत्र्याची करायची, हाडामांसाची नाही. गाडीला किती खर्च येईल ते गॅरेजवाला सांगू शकतो. शरीराला काय झालंय ते रस्त्यावर जमलेल्या पन्नास माणसांपैकी कुणीच सांगू शकत नाही.

म्हणून पैसे घेतले किंवा दिले तर वहीच्या पानावर चार ओळी लिहा: आजची तारीख, दोन गाड्यांचे नंबर, इतके रुपये फक्त गाडीच्या दुरुस्तीसाठी दिले, दोघांच्या सह्या, दोन साक्षीदारांच्या सह्या. ‘फक्त गाडीच्या दुरुस्तीसाठी’ हे शब्द महत्त्वाचे. “आमची काहीच तक्रार नाही, पुढे काही मागणार नाही” असं लिहिलेल्या कागदावर, डॉक्टरांना दाखवून येईपर्यंत, सही किंवा अंगठा करू नका. कोऱ्या कागदावर तर कधीच नाही. कुणी म्हणालं, “वहिनी, विश्वास नाही का?” तर म्हणा, “भाऊ, विश्वास आहे म्हणूनच लिहून ठेवू. उद्या तुम्हालाही कुणी काही म्हणायला नको.” लिहिलेला कागद दोघांनाही सांभाळतो.

‘घरात पडले’ सांगू नका

आता आमच्या ताईंचं जिथे सगळ्यात जास्त नुकसान झालं ती गोष्ट. दवाखान्यात खरं सांगा. अपघातात लागलंय, अमक्या ठिकाणी, अमक्या वेळी. डॉक्टर तशी नोंद करतात आणि गरज असेल तर पोलिसांना कळवतात. ती पद्धत आहे, त्यात आपण आरोपी होत नाही. पण पहिल्या केसपेपरवर ‘घरात पडल्या’ असं आलं, की पुढे खरं सांगितलं तरी कुणी मानत नाही.

याचा लगेचचा फायदाही आहे. केंद्र सरकारने मे २०२५ मध्ये रस्ते अपघातातल्या जखमींसाठी विनारोकड उपचारांची योजना लागू केली. मोटार गाडीमुळे रस्त्यावर अपघात झाला असेल तर ठरवून दिलेल्या रुग्णालयात, अपघातापासून सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार त्यात बसतात. पण त्यासाठी अपघात झाल्याची पोलिसांकडून खातरजमा व्हावी लागते. मोरीत पडलेल्या बाईला ही योजना नाही.

केसपेपर, एक्स-रे, औषधांची बिलं, रिक्षाभाड्याच्या चिठ्ठ्या, सगळं एका पिशवीत ठेवा. आणि आणखी एक करा: किती दिवस कामाला जाता आलं नाही ते लिहून ठेवा. टोळीच्या मुकादमाची किंवा बागमालकाची त्यावर सही घ्या. शेतमजूर बाईच्या बुडालेल्या मजुरीचा पुरावा दुसरा कुठे मिळणार? आणि ज्या घरचंच काम करतात, त्यांनी ‘आम्ही काय कमावतो’ असं म्हणू नका. अपघाताची भरपाई ठरवताना गृहिणीच्या घरकामालाही पैशांत मोल आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये स्पष्टपणे सांगितलं आहे.

विमा: कुणाला काय मिळतं

विमा दोन तऱ्हेचा. एक थर्ड पार्टी. तो नसेल तर गाडी रस्त्यावर आणणंच बेकायदा. त्यातून आपल्या गाडीमुळे दुसऱ्याला जे नुकसान झालं ते भरून मिळतं, आपल्या गाडीचा खर्च मिळत नाही. दुसरा पूर्ण विमा, लोक त्याला फुल इन्शुरन्स म्हणतात. त्यात आपल्या गाडीची दुरुस्तीही येते. पूर्ण विमा असेल तर लगेच कंपनीला कळवा आणि त्यांचा माणूस गाडी बघून जाईपर्यंत दुरुस्ती करू नका. खर्च अगदी थोडा असेल तर आधी हिशोब करा. दावा केला नाही तर पुढच्या वर्षीच्या हप्त्यात सूट मिळते, पहिल्या वर्षाला वीस टक्के आणि वाढत वाढत पन्नास टक्क्यांपर्यंत. सूट स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यावर असते. पाचशेच्या आरशासाठी ती घालवायची का, ते ठरवा.

आता बायांनी कान देऊन ऐकावं असं. आपण बहुतेक वेळा मागे बसतो. ज्या दुचाकीवर आपण मागे बसलोय तिचा फक्त थर्ड पार्टी विमा असेल आणि चूक तिच्याच चालकाची असेल, तर मागे बसलेलीला त्या विम्यातून सहसा काही मिळत नाही. न्यायालयांनी तसे निकाल दिले आहेत. पूर्ण विमा असेल तर मागे बसणारीलाही संरक्षण असतं. चूक समोरच्या गाडीची असेल, तर त्या गाडीच्या विम्याकडे आपण मागू शकतो. म्हणून दुसऱ्या गाडीचा नंबर इतका महत्त्वाचा. ट्रॅक्टरचंही तसंच. ट्रॅक्टर एकट्या चालकासाठी असतो. मडगार्डवर बसून कामाला जाणाऱ्या बाईला काही झालं तर विमा कंपनी हात वर करते. हे टोळीत एकदा मोठ्याने सांगा.

भरपाईचा दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे करायचा असतो. अपघात झाला तिथे किंवा आपण राहतो तिथे, दोन्हीकडे चालतो. कायद्यात आता सहा महिन्यांची मुदत घातली आहे, तेव्हा ‘हात बरा झाल्यावर बघू’ म्हणून दिवस घालवू नका. वकिलाच्या फीची चिंता असेल तर ऐका: १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे. आपल्यासाठी निफाडच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समितीकडे जायचं, किंवा १५१०० या नंबरवर फोन करायचा.

चालवत कोण होतं?

अपघात झाला की घरात कुजबूज सुरू होते. “तिच्याकडे लायसन्स नाही, गाडी मीच चालवत होतो असं सांगतो.” असं करू नका. बघणारे पन्नास असतात, फोटो असतात, जखमाही खरं बोलतात. खोटं उघडं पडलं की विम्याचा दावा जातो आणि खोटी माहिती दिल्याचा गुन्हा वेगळा. त्यापेक्षा लायसन्स काढा. आमच्या गटात स्कूटी चालवणाऱ्या कितीजणींकडे लायसन्स आहे, हे मोजायला बसलो तेव्हा आमच्याच माना खाली गेल्या. तेव्हापासून आम्ही एकमेकींना सोबत घेऊन लायसन्स काढायला जाऊ लागलो.

पोरांचंही तेच. दहावीतल्या मुलाच्या हातात आपण गाडी देतो, दूध घालून ये म्हणतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो. त्या मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत लायसन्सही मिळत नाही. शिक्षा आईबापाला आहे, हे लक्षात ठेवा.

आपण बघणाऱ्या असलो तर

कधी अपघात आपला नसतो, आपण वाटेवर असतो. जखमीला दवाखान्यात नेलं तर आपल्यालाच अडकवतील, या भीतीने गाव नुसतं बघत उभं राहतं. ही भीती आता सोडून द्या. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१६ मध्ये मदत करणाऱ्यांना संरक्षण दिलं, आणि २०१९ मध्ये ते मोटार वाहन कायद्यातच कलम १३४-अ म्हणून आलं. चांगल्या हेतूने मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. नाव सांगायची त्याच्यावर सक्ती करता येत नाही. पुढच्या वेळी रस्त्यावर कुणी पडलेलं दिसलं तर बायांनीच पुढे व्हा.

गटाने करायचं काम

ऐकून सोडून देण्यापेक्षा पुढच्या बैठकीत एवढं करा. प्रत्येकीसाठी एक जाड कागदाची चिठ्ठी बनवा. एका बाजूला स्वतःचं नाव, रक्तगट, घरचा नंबर, गाडीचा नंबर, विमा कंपनी, पॉलिसी नंबर आणि विमा संपायची तारीख. दुसऱ्या बाजूला १०८, ११२, पोलीस ठाण्याचा नंबर आणि या ओळी: थांबा. माणूस बघा. फोटो काढा. नंबर लिहा. डॉक्टरांना खरं सांगा. चोवीस तासांत नोंद करा. ही चिठ्ठी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पेनासकट स्कूटीच्या डिकीत ठेवा. ज्या मागे बसतात त्यांनी पर्समध्ये. लिहिता न येणाऱ्या मावशींसाठी नातीने लिहावी. विम्याची तारीख उलटून गेलेली पुष्कळ घरांत तेव्हाच लक्षात येते. आमच्याकडे आली.

आमच्या त्या ताईंचा हात आता बरा आहे. थंडीत अजून दुखतो. परवा बाजारात त्यांच्यासमोरच एका मुलीची स्कूटी घसरली. मुलगी उठली आणि कपडे झटकत म्हणाली, “काही नाही झालं.” ताईंनी तिचा हात धरला, बाजूच्या ओट्यावर बसवलं आणि म्हणाल्या, “बस गं जरा. झालं की नाही ते आधी बघू.”

एवढंच करायचं आहे मैत्रिणींनो.